मृतकाष्ठ

मृतकाष्ठ : वनातील मेलेल्या किंवा मरू घातलेल्या वृक्षांच्या लाकडास ही संज्ञा लावतात. उभी वाळलेली खोडे, वादळाने उन्मळून पडलेले वृक्ष, जमिनीवर कुजत पडलेले ओंडके, तोडणीनंतर मागे राहिलेले खुंट, तसेच जिवंत वृक्षाच्या वठलेल्या फांद्या आणि ढोली यांचा तीत समावेश होतो. मृतकाष्ठावर किंवा त्यावर वाढणाऱ्या कवकांवर आयुष्याचा काही काळ तरी अवलंबून असणाऱ्या जीवांना मृतकाष्ठजीवी म्हणतात. त्यांत भुंगेरे व कवके यांची संख्या सर्वांत मोठी असून माश्या, गांधीलमाश्या, कोळी, शेवाळी, दगडफूल, सुतार पक्षी व ढोलीत राहणारे अनेक पृष्ठवंशी प्राणीही त्यांत येतात. फिनलंडमध्ये अशा जातींची संख्या ४,००० ते ५,००० असावी, म्हणजे तेथील वनांतील एकूण जातींच्या सु. २० ते २५ टक्के असावी, असा अंदाज आहे. जर्मनीत मृतकाष्ठजीवी भुंगेऱ्यांच्याच सु. १,४०० जाती आढळतात.

वनसंपत्तीच्या इतिहासात मृतकाष्ठाचे स्थान तीन वेळा पालटले. प्रथम ते गरिबांच्या सरपणाचे साधन होते. शास्त्रीय वनविद्येच्या उदयानंतर ते रोगराईचे आगर व अव्यवस्थेचे लक्षण मानले गेले. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वनाच्या जीवसृष्टीचा एक आधार म्हणून ओळखले जाऊ लागले. या तिन्ही भूमिका आजही एकमेकींशेजारी नांदत आहेत व त्यांतून निर्माण होणारे वाद पूर्णपणे मिटलेले नाहीत.

सरपणाचा हक्क : मध्ययुगीन यूरोपात वनातील उभा वृक्ष राजाचा वा जमीनदाराचा असला, तरी खाली पडलेले लाकूडफाटे गोळा करण्याचा गावकऱ्यांचा रिवाजी हक्क बहुतेक ठिकाणी मान्य होता. इंग्लंडमध्ये १२१७ च्या वनसनदेने वनात राहणाऱ्या मुक्त प्रजाजनांच्या अशा काही हक्कांना मान्यता दिली. लाकडाला बाजारात किंमत येऊ लागली, तसतसे हे हक्क आकुंचित होत गेले. प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांताच्या सभेत १८४१ साली लाकूडचोरीविषयीच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा जमिनीवर पडलेली काटकी उचलणे हीदेखील चोरीच समजावी काय, हा वादाचा एक मुद्दा होता. कार्ल मार्क्स यांनी १८४२ मध्ये एका वृत्तपत्रात लेख लिहून या तरतुदीवर कडक टीका केली. झाडापासून निसर्गतः गळून पडलेल्या लाकडावर झाडाच्या मालकाचा हक्क राहत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. मृतकाष्ठ हा कीटकशास्त्राचा विषय होण्यापूर्वी न्यायाचा विषय होता, हे यावरून दिसून येते.

शास्त्रीय वनविद्या व स्वच्छ वन : सॅक्सनीतील फ्रायबेर्ग येथील खाणींच्या प्रशासनात असलेल्या हान्स कार्ल फोन कार्लोव्हिट्स यांनी १७१३ मध्ये वनसंवर्धनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीच्या खाणी व धातूच्या भट्ट्या यांना लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा हे त्याचे निमित्त होते. वनाची जितकी वाढ होईल तितकेच लाकूड काढावे, या विचाराचा पाया त्यात घातलेला आहे. पुढे गेओर्ग लूटव्हिख हार्टिख (१७६४–१८३७) व हाइन्‌रिख कोटा (१७६३–१८४४) यांनी या विचाराला मोजमाप व नियोजन यांची जोड दिली. वनाचे खंड पाडणे, प्रत्येक खंडातील वृक्षांचे वय ठरविणे, ठराविक वर्षांनी तोडणी करून पुन्हा लागवड करणे ही पद्धती रूढ झाली. लवकर व सरळ वाढणारा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष तिच्या सोयीचा असल्याने मध्य यूरोपात बीच व ओक यांच्या नैसर्गिक वनांच्या जागी त्याच्या एकजिनसी लागवडी विस्तीर्ण प्रदेशावर झाल्या.

या पद्धतीत वृक्षाला म्हातारे होण्यास जागाच उरली नाही. स्प्रूस साधारणतः ८० ते १२० वर्षांत तोडला जाई. बीच व ओक यांच्या खोडांत ढोली पडू लागतात, त्याच वयाच्या सुमारास त्यांच्यावरही कुऱ्हाड पडे. वाळलेले झाड म्हणजे बुडालेले उत्पन्न असल्याने ते ताबडतोब काढून नेणे, हे चांगल्या वनाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले.

या आर्थिक कारणाला भीतीचीही जोड मिळाली. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्प्रूसची वने मोठ्या प्रमाणावर वाळली. योहान फ्रीड्रिख ग्मेलिन यांनी १७८७ मध्ये या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याला कारणीभूत असलेल्या भुंगेऱ्याला लिनीअस यांनी १७५८ मध्येच शास्त्रीय नाव दिले होते. सालीखाली कोरलेली त्याची नक्षी छापील अक्षरांसारखी दिसते, म्हणून त्याच्या नावात ‘मुद्रक’ या अर्थाचा शब्द आहे (इप्स टायपोग्राफस). त्यानंतर युलिउस राट्‌सेबुर्ख (१८०१–७१) यांनी वनातील कीटकांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहून (१८३७–४४) वनकीटकशास्त्राची पायाभरणी केली. पडलेले लाकूड वेळेवर हलविणे, साल सोलून जाळणे आणि मुद्दाम पाडलेल्या सापळावृक्षांवर भुंगेरे गोळा करून त्यांचा नाश करणे, हे उपाय या काळात पक्के झाले. त्यांतील बरेचसे आजही वापरात आहेत.

भुंगेरे व लाकूड यांचा संबंध : ही भीती निराधार नव्हती, परंतु ती नको तितकी व्यापक केली गेली. इप्स टायपोग्राफस हा भुंगेरा अवघा ४ ते ५.५ मिमी. लांबीचा असतो. नर सालीत शिरून गंधद्रव्य सोडतो व त्यामुळे इतर नर-माद्या त्याच झाडाकडे आकृष्ट होतात. मादी सालीखालील परिकाष्ठात (अन्नरस वाहून नेणाऱ्या थरात) बोगदा पाडून अंडी घालते आणि अळ्या त्यापासून आडव्या जाणाऱ्या वाटा कोरीत वाढतात. निरोगी स्प्रूस राळ स्रवून थोड्या भुंगेऱ्यांना परतवू शकतो. हजारोंनी केलेल्या हल्ल्यापुढे किंवा अवर्षणाने राळेचा स्राव मंदावल्यास मात्र त्याचा टिकाव लागत नाही. वादळाने उन्मळलेल्या ताज्या वृक्षांत प्रतिकारशक्ती नसते. त्यांत भुंगेऱ्यांची बेसुमार पैदास होते व संख्या वाढल्यावर ते जिवंत झाडांकडे वळतात. उष्ण उन्हाळ्यात वर्षाला दोन व क्वचित तीन पिढ्याही पुऱ्या होतात.

मात्र या भुंगेऱ्याला ताजे परिकाष्ठ लागते. झाड मरून साल वाळली की, त्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी होते. त्यानंतर दशकानुदशके त्या लाकडात जे जीव येतात त्यांपासून जिवंत झाडांना सामान्यतः उपद्रव होत नाही. प्रथम सालीखालील व लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात. त्यांच्या छिद्रांतून कवके आत शिरतात. मग कवकांवर उपजीविका करणारे व इतर कीटकांना खाणारे भुंगेरे येतात. शेवटी लाकूड भुसभुशीत होऊन मातीत मिसळू लागले की, मातीतील जीव त्याचा ताबा घेतात. उभे व आडवे, उन्हातील व सावलीतील, बारीक व जाड अशा प्रत्येक प्रकारच्या लाकडात राहणाऱ्या जाती निरनिराळ्या असतात. स्प्रूसच्या सालीतील मोजक्या जातींची भीती या सर्व हजारो जातींना लागू केली गेली, ही शास्त्रीय वनविद्येची एक दीर्घकालीन चूक म्हणावी लागेल.

या चुकीचा फटका ज्यांना बसला, त्यांची दोन उदाहरणे बोलकी आहेत. ऑस्मोडर्मा एरेमिटा हा भुंगेरा जुन्या ओकसारख्या वृक्षांच्या ढोलीतील कुजक्या भुशात वाढतो. त्याची अळी पूर्ण वाढण्यास अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक भुंगेरे जन्मले त्याच ढोलीत आयुष्य काढतात. जवळपास दुसरा ढोलीचा वृक्ष नसेल, तर एक झाड तोडताच तेथील संपूर्ण वसाहत नष्ट होते. दुसरे उदाहरण रोझालिया अल्पायना या निळसर राखी रंगाच्या, काळ्या ठिपक्यांच्या दीर्घशृंगी भुंगेऱ्याचे. त्याची मादी उन्हात वाळलेल्या बीचच्या लाकडात अंडी घालते. वाहतुकीसाठी रचून ठेवलेल्या ओंडक्यांतही ती अंडी घालते आणि अळ्यांची वाढ पुरी होण्यापूर्वीच ते लाकूड गिरणीत वा चुलीत जाते.

भारतातील परिस्थिती : जर्मन वनविद्या भारतात ब्रिटिश राजवटीबरोबर आली. बॉन येथे जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रांडिस (१८२४–१९०७) यांची १८६४ मध्ये वनांचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी वनांवरील सरकारी ताबा दृढ केला आणि सरपणाचा रिवाजी हक्क येथेही सरकारच्या मेहेरबानीवर अवलंबून राहू लागला. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात याची दखल घेतली आहे. ज्यांची शेती तोकडी होती ते लोक पूर्वी डोंगरातील फळे, फुले, पाने व लाकूडफाटा यांवर गुजराण करीत. फॉरेस्ट खात्याने ही वाट बंद केली, अशी त्यांची तक्रार आहे. ऱ्हाईन प्रांतातील वाद व पुणे प्रांतातील शेतकऱ्याची ही तक्रार यांचे मूळ एकच होते.

कीटकांच्या बाबतीत भारतीय वनविद्येपुढचा प्रमुख प्रश्न शाल (साल) वृक्षाचा होता. होप्लोसेरँबिक्स स्पायनिकॉर्निस या दीर्घशृंगी भुंगेऱ्याच्या अळ्या शालाचे खोड पोखरतात. एरवी तो दुर्बल किंवा नुकत्याच पडलेल्या झाडांत राहतो. पण त्याची संख्या वाढल्यास निरोगी वृक्षही मरतात. डेहराडून येथे १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथील ई. पी. स्टेबिंग यांनी १९१४ मध्ये भारतीय वनांतील भुंगेऱ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२३ नंतर मध्य प्रांतातील शालवनांत या भुंगेऱ्याची मोठी साथ पसरली. तिच्या अनुभवातून सापळावृक्षाची पद्धत विकसित झाली. पावसाळ्याच्या आरंभी शालाचे ताजे ओंडके तोडून त्यांची टोके ठेचतात. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे तेथे जमतात व मजूर ते वेचून मारतात. वेचलेल्या मुंडक्यांच्या संख्येवर मजुरी देण्याचीही प्रथा होती. १९९४ नंतर मध्य प्रदेशातील मंडला–दिंडोरी भागात पुन्हा मोठी साथ आली, तेव्हा ग्रस्त झाडे किती व कोणती तोडावीत यावर बराच वाद झाला. किडीच्या नावाखाली वाचू शकणारी झाडेही तोडली जातात, असा एका बाजूचा आक्षेप होता. तर तोडणी लांबल्यास साथ वाढेल, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते.

दृष्टिकोनातील बदल : मृतकाष्ठाकडे पाहण्याची दृष्टी पालटण्यास इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांचे कार्य विशेष कारणीभूत झाले. ऑक्सफर्डजवळील विटम वनात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ प्राण्यांच्या नोंदी केल्या. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मेलेले व मरणारे लाकूड हे वनातील प्राण्यांच्या दोन-तीन सर्वांत मोठ्या आधारांपैकी एक असल्याचे दाखवून दिले. ते काढून टाकल्यास वनातील प्राणिजातींपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक जाती नाहीशा होतील, असा त्यांचा अंदाज होता. १९८८ मध्ये यूरोप परिषदेने मृतकाष्ठजीवी प्राण्यांच्या व त्यांच्या आश्रयस्थानांच्या रक्षणाची शिफारस सदस्य राष्ट्रांना केली. १९९२ च्या यूरोपीय अधिवास निर्देशाने ऑस्मोडर्मा एरेमिटा, रोझालिया अल्पायना इ. भुंगेऱ्यांना कायद्याचे संरक्षण दिले.

या विचाराची पहिली मोठी कसोटी बव्हेरियात लागली. तेथील बव्हेरियन वन राष्ट्रीय उद्यान हे जर्मनीतील पहिले राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये स्थापन झाले. १ ऑगस्ट १९८३ रोजी झालेल्या वादळात तेथे हजारो झाडे पडली. उद्यानप्रमुख हान्स बिबेलरीटर यांच्या आग्रहाने व राज्याचे मंत्री हान्स आयझेनमान यांच्या संमतीने उद्यानाच्या गाभ्यातील पडलेले लाकूड जागेवरच सोडण्यात आले. त्यानंतर भुंगेऱ्यांची संख्या वाढली आणि १९९० नंतरच्या काळात डोंगरमाथ्यावरील हजारो हेक्टरांतील जुना स्प्रूस वाळून गेला. पिढ्यानपिढ्या वनावर जगलेल्या स्थानिक लोकांना करड्या पडलेल्या डोंगराचे दृश्य म्हणजे आपल्या मुलखाची विटंबना वाटली आणि त्यांनी तीव्र विरोध केला. उद्यानाच्या कडेला भुंगेरेग्रस्त झाडे तोडण्याचा पट्टा राखून शेजारच्या खाजगी वनांचे रक्षण करण्यात आले. पुढे वाळक्या खोडांमधून स्प्रूसची रोपे आपोआप दाट उगवली. जुन्या वनाच्या एखाद्या तुकड्यात तग धरून राहिलेली दुर्मिळ कवके व भुंगेरे मृतकाष्ठ वाढताच पुन्हा पसरले.

उत्पादक वनांत मात्र एवढी मोकळीक शक्य नसते. तेथे तडजोडीचा मार्ग काढावा लागला. स्वीडनच्या १९९३ च्या वनधोरणाने लाकडाचे उत्पादन व पर्यावरण ही दोन समान उद्दिष्टे ठरविली. त्यानंतर तोडणीच्या वेळी काही जुनी झाडे उभी ठेवणे, पडलेल्या जुन्या ओंडक्यांना धक्का न लावणे व काही झाडे तीन ते पाच मी. उंचीवर तोडून उंच खुंट मागे ठेवणे ही पद्धत प्रचारात आली. त्याच वेळी ताज्या पडझडीतील सूचिपर्णी लाकूड हेक्टरी ५ घ. मी. हून अधिक असल्यास जादा लाकूड हलविण्याचा नियमही तेथे आहे. ताजे लाकूड धोक्याचे व जुने लाकूड मोलाचे, हा भेद अशा नियमांतून स्पष्ट होतो. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये वादळाने सु. ७·५ कोटी घ. मी. लाकूड आडवे केले व पाठोपाठ भुंगेऱ्यांनी उभी झाडे मारली, तेव्हा या सावधगिरीची आवश्यकता दिसून आली.

किती मृतकाष्ठ पुरेसे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. यूरोपातील अस्पर्शित वनांत ते हेक्टरी १०० घ. मी. हून अधिकही आढळते. उत्पादक वनांत अनेक ठिकाणी १० घ. मी. देखील नसते. अनेक अभ्यासांच्या तुलनेतून हेक्टरी २० ते ५० घ. मी. ही बहुसंख्य जातींना उपकारक मर्यादा म्हणून सुचविण्यात आली आहे. सर्व वनांत थोडे थोडे ठेवण्यापेक्षा काही ठिकाणी भरपूर ठेवणे अधिक हितकर ठरते, असेही तज्ञांचे मत आहे. जर्मनीच्या राष्ट्रीय वनगणनेनुसार तेथील सरासरी प्रमाण २०१२ मध्ये हेक्टरी २०·६ घ. मी. होते, २०२२ मध्ये ते २९·४ घ. मी. झाले. या वाढीतील मोठा वाटा मात्र धोरणाचा नसून २०१८ पासूनच्या अवर्षणाने व भुंगेऱ्यांनी मारलेल्या स्प्रूसचा आहे. ग्मेलिन यांनी ज्याच्याविषयी लिहिले, त्या हार्ट्‌स पर्वतातील स्प्रूसची वने या काळात पुन्हा मोठ्या प्रमाणावर वाळली.

पोलंड व बेलारूस यांच्या सीमेवरील ब्यावोव्हिएझा वनात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. भुंगेऱ्यांच्या साथीचे कारण देऊन पोलंड सरकारने २०१६ मध्ये तोडणीची मर्यादा सु. तिपटीने वाढविली. वाळलेल्या स्प्रूसवर अवलंबून असलेल्या संरक्षित भुंगेऱ्यांचे व सुतार पक्ष्यांचे अधिवास यामुळे नष्ट होतात, असा आक्षेप होता. यूरोपीय न्यायालयाने १७ एप्रिल २०१८ रोजी पोलंडविरुद्ध निर्णय दिला. एका भुंगेऱ्याच्या बंदोबस्तासाठी इतर भुंगेऱ्यांचे घर मोडावे काय, असा या खटल्याचा मथितार्थ होता. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग-पुनरुज्जीवन कायद्यात उभे व आडवे मृतकाष्ठ हे वनाच्या आरोग्याचे दोन निकष म्हणून नमूद आहेत.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत, रोगट, मरणोन्मुख व वाऱ्याने पडलेली झाडे हलविण्यास मनाई केली. त्यामुळे संरक्षित क्षेत्रांत मृतकाष्ठाला कायद्याचे कवच लाभले. ढोली असलेली जुनी झाडे पक्ष्यांच्या दृष्टीने किती महत्त्वाची असतात, हे महाराष्ट्रात रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते. शतकाहून अधिक काळ नामशेष समजला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो. कोकणातील धनेशालाही मोठ्या वृक्षांच्या ढोलीवाचून वीण करता येत नाही. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व खुंट यांचा समावेश करून वनवासींच्या जुन्या हक्काला मान्यता दिली. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या स्त्रीला वाळकी फांदी म्हणजे संध्याकाळची चूल असते. ती बहुधा बारीक फांद्या वेचते. जाड खोडे व ढोलीचे वृक्ष यांवर संकट येते ते प्रामुख्याने व्यापारी तोडणीचे. त्यामुळे सरपणाचा हक्क व जीवसृष्टीचे रक्षण हे परस्परविरोधीच असतात, असे मानण्याचे कारण नाही. बारीक लाकूडफाटा माणसाला, जाड खोड वनाला, अशी विभागणी गावाच्या संमतीने करता येण्यासारखी आहे.

जिवंत वृक्षाचे आयुष्य संपल्यानंतरही त्याचे वनातील कार्य चालू राहते. मोठे ओकचे खोड पूर्णपणे मातीत मिसळण्यास अनेक दशके लागतात आणि ढोली पडण्याइतका वृक्ष जुना होण्यास त्याहून अधिक. तोडलेले झाड पुन्हा लावता येते. पण जुन्या वृक्षांची अखंड परंपरा एकदा तुटली, तर तिच्यावर जगणारे जीव नव्या वृक्षांच्या वार्धक्यापर्यंत तग धरू शकत नाहीत. म्हणूनच मृतकाष्ठाची जपणूक ही आज उभ्या असलेल्या वृक्षांपैकी काहींना म्हातारे होऊ देण्यापासून सुरू होते.